‘पुट ऑफ’ : काय आणि कुणाला?

२४ मार्च २०२० रोजी टोकिओ ऑलिंपिक पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. आठवडाभराने, १ एप्रिलला, विम्बल्डनच्या आयोजकांनी त्या वर्षीची स्पर्धा रद्दच करून टाकली. दुसऱ्या महायुद्धानंतर असं पहिल्यांदाच घडत होतं. ऑलिंपिक पुढच्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पार पडलं. विम्बल्डनच्या विजेत्यांच्या यादीत मात्र २०२० ची ओळ कोरीच राहिली. इंग्रजीत सांगायचं तर ऑलिंपिक ‘पुट ऑफ’ झालं आणि विम्बल्डन ‘कॉल्ड ऑफ’. दोन्हीकडे शेपटीला ‘ऑफ’च असल्यामुळे आपल्याकडे पुष्कळजण हे दोन प्रयोग एकमेकांच्या जागी वापरतात. ऑफिसात एखाद्याने ‘द मीटिंग इज कॉल्ड ऑफ’ असा निरोप धाडला आणि त्याच्या मनात ‘परवा घेऊ’ असं असलं, तर परवा तो खोलीत एकटाच बसलेला असेल.

क्रियापद आणि त्याला चिकटलेला ‘ऑफ’, ‘अप’, ‘आउट’सारखा चिमुकला शब्द मिळून तिसराच अर्थ उभा राहतो, अशा जोडगोळीला इंग्रजी व्याकरणात फ्रेझल व्हर्ब म्हणतात. परक्यांना इंग्रजी शिकताना सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो, हे सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे. तेव्हा आपण अडखळलो तर त्यात कमीपणा नाही. अडखळायला निमित्त बहुतेकदा पाठांतराचं होतं. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत डावीकडे ‘पुट ऑफ’, उजवीकडे ‘पुढे ढकलणे’ एवढंच छापलेलं असतं आणि विद्यार्थी ते घोकतो. मग एखाद्या इंग्रजी मालिकेत ताटावर बसलेलं पात्र म्हणतं, ‘दॅट स्मेल पुट मी ऑफ’, आणि आपला विद्यार्थी विचारात पडतो की वासाने या बाईला पुढे कसं काय ढकललं.

‘पुट ऑफ’चे पाच-सहा अर्थ पाठ करण्यापेक्षा एक सवय लावून घ्यावी. हे क्रियापद कशाला लागलं आहे, ते आधी बघायचं. त्याच्या तावडीत काम, तारीख, निर्णय, लग्न, परीक्षा असं काही सापडलं असेल तर अर्थ जवळजवळ नक्की ‘लांबणीवर टाकणे’. माणूस सापडला असेल तर जरा थांबायचं, कारण तिथे शक्यता अनेक आहेत. ‘ऑफ’च्या पोटात ‘पासून दूर’ हा भाव आहे आणि तो सगळीकडे टिकून राहतो. काम आजच्या दिवसापासून दूर गेलं तर ते लांबलं, माणूस दारापासून दूर गेला तर त्याची बोळवण झाली, मन जेवणापासून दूर गेलं तर शिसारी आली. चांगले शब्दकोश हा भेद मांडूनच दाखवतात. ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश उघडला तर ‘पुट’ आणि ‘ऑफ’ यांच्या मध्ये कुठे ‘एस-बी’, कुठे ‘एस-टी-एच’ अशी अक्षरं दिसतील. पहिल्याचा अर्थ ‘समबडी’, म्हणजे कुणाला तरी. दुसऱ्याचा ‘समथिंग’, म्हणजे काहीतरी. आपण ती अक्षरं ओलांडून थेट अर्थावर उडी मारतो, आणि फसतो ते तिथेच.

आधी कामाचं आणि तारखेचं बघू. या बाबतीत मराठी फार श्रीमंत आहे, आणि का ते सांगायला नको. पुढे ढकलणं, लांबणीवर टाकणं, तहकूब करणं, चालढकल, टाळाटाळ, दिरंगाई, आज-उद्या करणं, भिजत घोंगडं ठेवणं. यातले ‘पुट ऑफ’च्या जवळचे कुठले? ज्यात करणाऱ्याचा हात दिसतो ते. ‘पुट ऑफ’ला कर्ता लागतो, कुणीतरी ठरवून ते काम सरकवलेलं असतं. डेक्कन क्वीन तासभर उशिरा सुटली तर ती ‘डिलेड’ असते, ‘पुट ऑफ’ नसते. पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला तर तोही ‘डिलेड’. पंचांनी आणि आयोजकांनी मिळून तो दुसऱ्या दिवशी घ्यायचं ठरवलं तर ‘पुट ऑफ’. सभा किंवा खटल्याची सुनावणी चालू असताना मध्येच थांबवून पुढची तारीख दिली तर त्याला ‘अ‍ॅडजर्न’ म्हणतात. आपला ‘तहकूब’ त्याच्या अगदी जोडीचा. आणि ‘भिजत घोंगडं’ म्हणजे तारीखही न देता ठेवून देणं. त्याला ‘पुट ऑफ इन्डेफिनिटली’ म्हणता येतं, पण ती मजा त्यात नाही.

आता मराठी माणसाला खास खोदून ठेवलेला एक खड्डा. आपण बैठक ‘पुढे’ ढकलतो तेव्हा ती नंतर होते. हाच ‘पुढे’ मनात धरून कुणी इंग्रजीत ‘फॉरवर्ड’ म्हणाला की गडबड झाली. ‘द मीटिंग हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड टू ट्यूसडे’ याचा अर्थ बैठक अलीकडे घेतली, गुरुवारची मंगळवारी आणली. आणि ‘पुट बॅक’, ज्यात आपल्याला ‘मागे’ ऐकू येतं, त्याचा ब्रिटिश इंग्रजीत अर्थ नंतरवर टाकली. आपण घटनेला भविष्यात लोटतो, इंग्रजी ती ओढून आपल्याजवळ आणते, असं काहीसं हे चित्र आहे. गंमत म्हणजे ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’बद्दल खुद्द इंग्रजी भाषकांतही एकवाक्यता नाही. बुधवारची बैठक दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झाली असं सांगितलं, तर काहीजण सोमवारी हजर होतील आणि काहीजण शुक्रवारी. भाषा आणि काळ यांचा अभ्यास करणाऱ्यांनी या वाक्यावर प्रयोगच केलेले आहेत. या गोंधळात ‘पुट ऑफ’ आणि ‘पोस्टपोन’ हे दोघे भरवशाचे, त्यांचा अर्थ नेहमी नंतरच. अलीकडे घेण्यासाठी भारतात ‘प्रीपोन’ सर्रास चालतो आणि मला तो आवडतोही, पण लंडनच्या किंवा शिकागोच्या सहकाऱ्याला लिहिताना ‘ब्रिंग फॉरवर्ड’ वापरा आणि शेजारी नवी तारीख लिहा. तारीख लिहिली की उरलेल्या वाक्यात चूक झाली तरी माणसं योग्य दिवशी येतात.

तारखेबरोबर कुठला शब्द जोडायचा, हाही प्रश्न वारंवार येतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची १४ मार्च २०२१ ला ठरलेली राज्यसेवा पूर्वपरीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली गेली, पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि शेवटी ती २१ मार्चला झाली. हे दोन तऱ्हांनी सांगता येईल. नवी तारीख सांगायची असेल तर ‘द एक्झॅम वॉज पुट ऑफ टिल द ट्वेंटी-फर्स्ट’. किती काळ लांबली ते सांगायचं असेल तर ‘पुट ऑफ फॉर अ वीक’. ‘टिल’च्या जागी ‘अन्टिल’ चालतो. कारण सांगताना मात्र ‘बाय’ टाळा. ‘द मॅच वॉज पुट ऑफ बाय रेन’ म्हटलं तर समजतं, पण कानाला खटकतं. ‘बिकॉज ऑफ रेन’ सरळ. ‘पुट ऑफ बाय’ हा जोड इंग्रजीत माणसांच्या नाराजीसाठी जास्त राबतो, त्याकडे येतोच आहे.

व्याकरणातल्या दोन गोष्टी परीक्षेतही विचारल्या जातात आणि बोलण्यातही लगेच उघड्या पडतात. पहिली, सर्वनाम मध्येच बसतं. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ दोन्ही बरोबर, पण ‘इट’ आला की एकच वाट, ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ हे इंग्रजीत नाहीच. हे विचित्र वाटत असेल तर आपल्याच ‘पुढे ढकलणे’कडे बघा. ‘पुढे’ आणि ‘ढकलणे’ यांना आपणही रोज वेगळं करतो. ‘पुढे तरी किती दिवस ढकलणार?’ हे वाक्य प्रत्येक घरात, विशेषतः दाताच्या डॉक्टरांच्या संदर्भात, उच्चारलं गेलेलं असतं. बोलताना जोर ‘ऑफ’वर येतो आणि भरभर म्हटलं की ते ‘पुटिटॉफ’ असं एका दमात ऐकू येतं. चित्रपट बघताना हा प्रयोग निसटतो तो याच कारणाने. लिहिताना आणखी एक बारकावा: ‘ऑफ’मध्ये दोन एफ आहेत. एक एफ गाळला की तो ‘चा-ची-चे’वाला ‘ऑफ’ होतो आणि वाक्याचं भजं होतं. संगणकाचा स्पेलिंग तपासनीसही बऱ्याचदा ही चूक पकडत नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत.

दुसरी गोष्ट, पुढे क्रियापद आलं तर त्याला ‘आयएनजी’ लागतो. ‘आय पुट ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट’. ‘पुट ऑफ टू गो’ चूक. इथे इंग्रजीचा नियम वेगळा पाठ करायची गरज नाही, मराठी वाक्य मनात नीट बांधलं की पुरे. आपण ‘जायला पुढे ढकललं’ म्हणत नाही, ‘जाणं पुढे ढकललं’ म्हणतो. ते ‘जाणं’ म्हणजेच ‘गोइंग’. काळाच्या बाबतीत हे क्रियापद गरीब आहे: पुट, पुट, पुट. वर्तमानकाळात ‘ही पुट्स इट ऑफ’, भूतकाळात ‘ही पुट इट ऑफ’, फरक फक्त त्या ‘एस’चा. ‘पुटेड’ हा शब्द मुलाखतीच्या खोलीत तोंडातून निसटला तर समोरच्या पॅनेलचे चेहरे बघू नका, पुढे बोलत राहा.

मुलाखतीवरून आठवलं. ‘पोस्टपोन’ आणि ‘पुट ऑफ’ यांचा अर्थ एक असला तरी वजन वेगळं आहे. ‘पोस्टपोन’ लॅटिनमधून आलेला, मुळात त्याचाही अर्थ ‘नंतर ठेवणे’ इतकाच, पण तो इस्त्री केलेला शब्द आहे. सूचनाफलक, परिपत्रक, कंपनीचं पत्र यात तोच शोभतो. ‘पुट ऑफ’ बोलण्यातला, आणि त्याला अनिच्छेचा हलका वास असतो. ‘द कमिटी पोस्टपोन्ड द डिसिजन’ ही बातमी झाली; ‘द कमिटी पुट ऑफ द डिसिजन’ म्हटलं की ऐकणाऱ्याला समितीला निर्णय घ्यायचाच नव्हता की काय, अशी शंका येऊ शकते. म्हणून नोकरीच्या मुलाखतीची तारीख बदलून हवी असेल तेव्हा ‘आय वॉन्ट टू पुट ऑफ माय इंटरव्ह्यू’ असं लिहू नये. त्यात तुमची टंगळमंगळ दिसते. ‘वुड इट बी पॉसिबल टू रीशेड्यूल माय इंटरव्ह्यू?’ असं विचारा आणि कारण एका ओळीत द्या. मित्राला मात्र ‘लेट्स पुट इट ऑफ टिल सॅटरडे’ असं खुशाल म्हणा. तिथे ‘पोस्टपोन’ वापरलात तर तो विचारेल, नोटीस पाठवतो आहेस का?

तावडीत माणूस सापडला की काय होतं ते आता बघू. हा भाग जास्त रंगतदार आहे आणि मार्गदर्शकांत नेमका हाच नसतो.

पाहुणे यायचे आहेत आणि घरात अचानक आजारपण आलं. ‘वुई हॅड टू पुट द गेस्ट्स ऑफ’ म्हणजे पाहुण्यांना आता येऊ नका, नंतर या असं कळवावं लागलं. इथे पुढे ढकललेली असते ती भेट, पण वाक्यात बसलेला असतो माणूस. त्याच्याच शेजारचा अर्थ बोळवण करण्याचा. घरमालकाकडे अनामत रक्कम मागायला गेलेला भाडेकरू दर वेळी नवं कारण ऐकून परततो, तेव्हा तो म्हणेल, ‘ही कीप्स पुटिंग मी ऑफ विथ एक्स्क्यूजेस’. वायदे करणं, टोलवणं, वाटेला लावणं, सगळं यात आलं. ‘विथ’च्या पुढे कशाने बोळवण केली ते येतं: सबबी, आश्वासनं, गोड बोलणं. सरकारी कचेरीत खेटे घालणाऱ्याला हा प्रयोग फार उपयोगी आहे, फक्त तक्रारअर्जात तो घालू नये. तिथे तारखांसह काय घडलं तेच लिहावं.

मन उडण्याचा अर्थ सगळ्यात जास्त वापरात आहे. ‘द स्मेल पुट मी ऑफ माय फूड’, वासाने जेवणावरची वासना उडाली. ‘दॅट ट्रिप पुट हर ऑफ फ्लाइंग’, त्या प्रवासानंतर विमानाने जायचं तिने धसकाच घेतला. पाण्याची, दुधाची, गणिताची, लग्नाची, कशाचीही नावड अशी सांगता येते. सांगाडा असा की ‘पुट’नंतर माणूस, मग ‘ऑफ’, मग ज्याच्यावरून मन उडालं ती गोष्ट. आणि ती गोष्ट क्रिया असेल तर पुन्हा तोच ‘आयएनजी’. कधी हा प्रयोग धीर देण्यासाठी येतो: ‘डोन्ट बी पुट ऑफ बाय हिज मॅनर’, त्याच्या बोलण्याच्या तऱ्हेने बिचकू नकोस, माणूस चांगला आहे. नव्या ऑफिसात रुजू होणाऱ्याला जुना सहकारी हे हमखास सांगतो. ‘पुट ऑफ बाय’ म्हणजे माणसांची नाराजी किंवा बिचकणं, असं मघाशी म्हटलं ते हेच. ‘द फॅन्स वेअर नॉट पुट ऑफ बाय द रेन’, पावसाला न जुमानता प्रेक्षक आले. ‘द मॅच वॉज पुट ऑफ’ या वाक्याशेजारी हे ठेवून वाचलं की सामना आणि प्रेक्षक यांत क्रियापद कसं पालटतं ते दिसेल.

याच अर्थावरून ‘ऑफ-पुटिंग’ हे विशेषण झालं. आपल्याकडची तरुण मंडळी मराठी बोलतानाही ‘मी एकदम पुट-ऑफ झालो’ असं म्हणतात. मराठीत ते खपून जातं, पण इंग्रजीत उतरवताना दोन गोष्टींची सरमिसळ होते. मला वाईट वाटलं, मन उडालं, तर ‘आय वॉज पुट ऑफ’. ज्याच्यामुळे उडालं तो माणूस किंवा ती गोष्ट ‘ऑफ-पुटिंग’. ‘द होटेल वॉज व्हेरी पुट ऑफ’ म्हटलंत तर हॉटेलच्या भावना दुखावल्या, असं काहीतरी होतं. शिवाय ‘ऑफ-पुटिंग’ हा सौम्य शब्द आहे. किळसवाण्या गोष्टीला तो अपुरा पडतो. रेस्टॉरंटमधला मोठा आवाज, दुकानदाराचा तुसडेपणा, पुस्तकाचं भडक मुखपृष्ठ, इतपत गोष्टींना तो ठीक.

लक्ष विचलित करण्याचा अर्थ खेळाच्या मैदानावर भेटतो. गोलंदाज धावत येतो आहे आणि साइटस्क्रीनजवळून कुणीतरी चालत गेलं. फलंदाज हात वर करून बाजूला होतो. ‘द मूव्हमेंट पुट हिम ऑफ’. इंग्लंडमधलं मूल वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवताना भावंडांना ‘डोन्ट पुट मी ऑफ!’ असं ओरडेल. आपल्याकडचं मूल ‘मध्ये बोलू नको ना’ म्हणेल. कॅरम खेळताना समोरचा मुद्दाम गाणं म्हणायला लागला तर त्यालाही हेच म्हणता येईल.

आता ‘ही पुट मी ऑफ’ एवढंच चार शब्दांचं वाक्य पुढ्यात आलं तर? त्याने माझी भेट पुढे ढकलली, मला टोलवलं, त्याच्याविषयी मन उडवलं, की माझं लक्ष उडवलं? एकट्या वाक्यावरून सांगता येत नाही, इंग्रजी भाषकालाही नाही. परीक्षेत असं वाक्य आलं तर आजूबाजूच्या ओळीत खूण असतेच: तारीख आहे का, ‘विथ’ आहे का, एखाद्या पदार्थाचं नाव आहे का, खेळ चालू आहे का.

एक अर्थ कोशात अगदी खाली, कोपऱ्यात असतो, वाहनातून उतरवण्याचा. ब्रिटनमध्ये बसचालकाला ‘कुड यू पुट मी ऑफ अ‍ॅट द स्टेशन?’ असं विचारता येतं. म्हणजे स्टेशनपाशी मला उतरवा. आपल्या एसटीत वाहकाला आपण जे सांगतो तेच. पण उतरवणं बळजबरीचंही असू शकतं. ७ जून १८९३ च्या रात्री दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमॅरित्सबर्ग स्थानकावर पहिल्या वर्गाचं तिकीट असूनही गांधीजींना गाडीतून खाली उतरवलं गेलं, त्याला इंग्रजीत ‘ही वॉज पुट ऑफ द ट्रेन’ असं म्हणतात. ‘पुट ऑफ द ट्रेन’ आणि ‘पुट ऑफ माय फूड’ यांची रचना एकच आहे: माणूस, मग ‘ऑफ’, मग ज्यापासून तो दूर झाला ते. एकात गाडी सुटते, दुसऱ्यात जेवण.

राहिले दोन जुने अर्थ. ‘पुट ऑन’ म्हणजे घालणे, म्हणून ‘पुट ऑफ’ म्हणजे काढणे, हा हिशेब अनेक शाळकरी मुलं करतात आणि ‘पुट ऑफ युवर शूज’ असं लिहितात. चारशे वर्षांपूर्वी ते बरोबर ठरलं असतं. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये मोझेसला पायातलं काढायला सांगितलं आहे ते ‘पुट ऑफ’ या शब्दांतच. आजच्या इंग्रजीत कपडे, चपला, चष्मा, सगळं ‘टेक ऑफ’ करायचं. दिवा-पंख्याच्या बाबतीत ‘पुट ऑफ द लाइट’ भारतात घरोघरी चालतं आणि ते अगदी चूक आहे असं मी म्हणणार नाही. जुन्या ब्रिटिश वापरात ते होतं. पण परीक्षेत आणि परदेशात ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ वापरा. मेणबत्ती, शेगडी, आग यांच्यासाठी ‘पुट आउट’, कारण तिथे बटण नसतं.